हाफ मर्डरचे फुल किस्से

"तीनशे सात लागलाय त्याला," असं कट्ट्यावर कुणी म्हणालं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. मान हलवतो, चहाचा घोट घेतो आणि चार दिवस त्या इसमाच्या गल्लीतून जायचं टाळतो. वकिलांचा 'खुनाचा प्रयत्न', पोलिसांचा 'तीनशे सात', पोरांचा 'हाफ मर्डर'. यातला मधला आकडा आता इतिहासजमा झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचा प्रयत्न कलम १०९ मध्ये जाऊन बसला. खुनाच्या शिक्षेचं तीनशे दोन झालं एकशे तीन, आणि चारशे वीस गेलं तीनशे अठरात. हिंदी सिनेमातल्या वकिलांचं यात केवढं नुकसान झालं! कुणाला रागाने 'तीनशे अठरा' म्हणून पाहा, त्याला लॉजच्या खोलीचा नंबर वाटेल.

आकडा कुठलाही असो, गुन्हा मोठा चक्रम आहे. खून फसतो तो बहुतेक वेळा फुटकळ गोष्टीपायी. पाकीट, चश्म्याचं घर, मुंग्यांची रांग, पेल्याच्या तळाचा गाळ. आणि मग कोर्टापुढे पेच, की कुणी मेलंच नाही, तर शिक्षा नक्की कशाची द्यायची?

ताट वाढलं की गुन्हा

इंग्रजांनी १८६० साली केलेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत एक गंमत होती. रुक्ष कलमाखाली छोटी छोटी उदाहरणं दिलेली असत. ही युक्ती तिचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेची. हाफ मर्डरच्या कलमाखालची उदाहरणं तर रहस्यकथेला लाजवतील, आणि नव्या संहितेतही ती आहेत.

'अ'ला 'झ'चा जीव घ्यायचाय. त्याने बंदूक विकत घेतली, गोळ्या भरल्या. या कलमाखाली गुन्हा झाला? नाही. त्याने 'झ'वर गोळी झाडली? झाला, गोळी लागो की न लागो. पुढचं उदाहरण विषाचं. 'अ'ने विष आणलं, जेवणात कालवलं, पण ते अन्न अजून त्याच्याच ताब्यात आहे. अजून गुन्हा नाही. त्याने ते 'झ'च्या टेबलावर ठेवलं किंवा वाढण्यासाठी 'झ'च्या नोकराच्या हाती दिलं, की संपलं. थोडक्यात, विष कालवेपर्यंत तुम्ही स्वयंपाकी आणि ताट पुढे सरकवलं की आरोपी. 'झ'ने घास घ्यायचीही गरज नाही.

शिक्षा दहा वर्षांपर्यंत, समोरच्याला इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. आधीच जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने असा प्रयत्न करून कुणाला इजा केली, तर थेट फाशीही होऊ शकते. म्हणजे माणूस न मरताही मारणारा फासावर जाऊ शकतो.

साधं खरचटलंही नसलं तरी चालतं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितलं, की जीव जाईल एवढी जखम झालीच पाहिजे असं कलम कुठेही म्हणत नाही. हेतू काय होता आणि त्या हेतूने हात कुठवर गेला, एवढंच बघायचं.

आणि हात उचललाच नाही तर? १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे लुधियानाचं एक प्रकरण आलं. नवऱ्याने बायकोला कोंडून ठेवलं होतं. ना सुरा, ना विष, नुसतं उपाशी ठेवायचं. एक दिवस दार उघडं सापडलं, बाई कशीबशी निसटली आणि इस्पितळात पोचली, म्हणून वाचली. नवऱ्याचा बचाव ऐकण्यासारखा होता. जिच्याने जीव जाईल अशी शेवटची कृती मी केलीच कुठे? न्यायालय म्हणालं, शेवटच्या कृतीची वाट बघायची नसते. नाकारलेला प्रत्येक घास हाच प्रयत्न.

इंग्लंडात मात्र एक उफराटा प्रकार आहे. तिथे खून सिद्ध करायला 'गंभीर इजा करायची होती' एवढा हेतू पुरतो. पण खुनाचा प्रयत्न सिद्ध करायचा तर जीवच घ्यायचा होता हे दाखवावं लागतं. म्हणजे पुऱ्या खुनापेक्षा अर्धा खून जड. १८०३ पर्यंत तर तिथे असा प्रयत्न किरकोळ गुन्ह्यांत मोडत असे. तिथलाच १९१० चा लिंबू सरबताचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात. मुलाने आईच्या पेयात सायनाइड घातलं. आईने थोडंसं प्यायलं आणि ती वारली. पोरगा फासावर जायचा, पण डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गेलेलं विष पुरेसं नव्हतं, बाई हृदयविकाराने गेल्या. खून नाही! तरीही खुनाच्या प्रयत्नाबद्दल तो दोषी ठरला. ज्याचा जीव घ्यायचा तो मेलेला, आणि गुन्हा मात्र हाफ.

फर्ग्युसनमधल्या दोन गोळ्या

पुणेकरांनी अशा बाबतीत मागे राहायचं कारण नव्हतं. २२ जुलै १९३१. मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेज बघायला आले. फिरत फिरत स्वारी वाडिया ग्रंथालयात शिरली. तिथे वासुदेव बळवंत गोगटे नावाचा विद्यार्थी वाट बघत होता, आणि पुस्तकाची नव्हे. सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा पुकारून केलेली दडपशाही आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना दिलेली फाशी त्याच्या मनात सलत होती. अगदी जवळून त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक छातीवर लागलीसुद्धा. गव्हर्नरसाहेब उभेच!

पुढे मुंबई उच्च न्यायालयात यावरून जो काथ्याकूट झाला तो वाचण्यासारखा आहे. गोळी आत का घुसली नाही? काडतूस खराब होतं, की खिशातलं चामड्याचं पाकीट आणि त्यातल्या नोटा आड आल्या? (पाकिटात नोटा असण्याचा इतका थेट फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.) बचावाच्या वकिलांनी इथेच फट शोधली. ज्या गोळीने माणूस मरणं शक्यच नव्हतं, ती झाडली म्हणून खुनाचा प्रयत्न कसा? मुख्य न्यायमूर्ती बोमंट यांनी हा युक्तिवाद मोडीत काढला. जीव घेण्याच्या इराद्याने पिस्तूल रोखलं, घोडा ओढला, आता पाकीट मध्ये आलं यात आरोपीचं कर्तृत्व ते काय? गोगट्यांना सक्तमजुरी झाली, पण पुण्याने त्यांना त्याहून टिकाऊ पदवी दिली. उरलेलं आयुष्य ते 'हॉटसन गोगटे' म्हणूनच ओळखले गेले. ज्याला मारायचं होतं त्याचंच नाव आपल्या नावाला कायमचं चिकटणं, हे भाग्य फसलेल्या गोळीचंच.

पपनसाचं सरबत

फसलेल्या खुनाने इतिहास हलवल्याचं माझं आवडतं उदाहरण बडोद्याचं. त्यासाठी जरा ऐसपैस बसू या.

१८७४ साल. गादीवर मल्हारराव गायकवाड, रेसिडेन्सीत इंग्रज सरकारचा प्रतिनिधी कर्नल रॉबर्ट फेअर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. फेअर महाराजांच्या कारभाराचे वाभाडे काढून वर कळवायचा, आणि महाराज 'या माणसाला इथून हलवा' म्हणून व्हाइसरॉयला लिहायचे.

९ नोव्हेंबरची सकाळ. फेअरसाहेब रोजच्यासारखे फिरून आले. टेबलावर रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला. दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली, पोटात कसंसंच झालं. पपनस खराब निघालं असेल म्हणून साहेबांनी उरलेलं सरबत बाहेर फेकून दिलं. पेला परत ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तो गाळ डॉक्टरांकडे गेला, तिथून मुंबईच्या रासायनिक पृथक्करणवाल्यांकडे गेला, आणि उत्तर आलं: सोमल आणि हिऱ्याची पूड.

सोमल समजू शकतो. पण हिऱ्याची पूड? आपल्याकडे हिरकणी खाऊन जीव दिल्याच्या कथा जुन्या, म्हणून हिरा म्हणजे जालीम विष ही समजूत पक्की. प्रत्यक्षात हिरा विषारी नसतो. सोमल काही आण्यांत काम भागवतो. हिरे ही राजेशाही उधळपट्टी, मग ती कुणाचीही असो.

कुणाची, यावरच खटला उभा राहिला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सुटर तपासाला गेले. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी कबूल झाला, त्याच्या कमरेच्या पट्ट्यात विषाची पुडीही 'सापडली'. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. मल्हाररावांनी थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणवला. त्याने पट्ट्यातल्या पुडीची अशी काही चिरफाड केली की ऐकणाऱ्यांना ती पुडी पट्ट्यात नक्की कुणी ठेवली असा प्रश्न पडावा. शिवाय एक अडचण होतीच. ज्याची बदली करा म्हणून महाराजांनी आठवडाभरापूर्वीच व्हाइसरॉयला लिहिलं होतं, त्याच्यावर विषप्रयोग करायची घाई त्यांना कशाला असेल? आणि फेअरला त्याच महिन्यात हलवलंही गेलं!

न्यायाला बसले सहा जण, तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही. मग सरकारने मधली पळवाट काढली. विषाचं जाऊ द्या, तुमचा कारभारच वाईट, असं म्हणून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला धाडलं. कोर्टात बरोबरी आणि शिक्षा पूर्ण, असा निकाल विरळाच.

लोकांना विषय मिळाला. मराठीत नारायण बापूजी कानिटकरांनी त्याच वर्षी मल्हाररावांवर नाटक लिहिलं. आणि रिकाम्या गादीसाठी राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, आणि पुढे १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती. फेअरसाहेबांनी ते सरबत सगळं संपवलं असतं किंवा त्यांना काहीच वाटलं नसतं, तर यातलं किती घडलं असतं कुणास ठाऊक.

मुंग्या भारतीय गुप्तहेर खात्यात

पुराणं उघडली तर कलम १०९ ला उसंत नाही. हिरण्यकश्यपूने प्रल्हादावर हत्ती घातला, साप सोडले, आगीत बसवलं, विष दिलं. एकाच फिर्यादीवर इतके प्रयत्न, तेही बापाकडून. कंसमामा स्वतः न जाता माणसं पाठवायचा. पूतना, शकटासुर, बकासुर... सुपारी देण्याची परंपरा किती जुनी ते पाहा. दुर्योधनाने भीमाला जेवणातून विष चारलं, मग लाक्षागृह बांधलं.

पण या विषयावरची संस्कृतातली खरी मेजवानी म्हणजे विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस'. चंद्रगुप्ताला संपवायला नंदांचा अमात्य राक्षस जेवढ्या युक्त्या लढवतो, तेवढ्या चाणक्य उधळतो. दुसऱ्या अंकात राक्षसाचा हेर येऊन एकेका फजितीचा अहवाल देतो, आणि राक्षस दर वेळी उत्सुकतेने विचारतो, मग पुढे? चंद्रगुप्तावर पाडायची म्हणून यांत्रिक कमान केली, ती दुसऱ्याच्याच अंगावर पडली. चंद्रगुप्तासाठी धाडलेली विषकन्या चाणक्याने पर्वतकाकडे वळवली. वैद्याने विषारी औषध सोन्याच्या भांड्यात ओतलं, त्याचा रंग पालटलेला चाणक्याने पाहिला आणि ते औषध वैद्याला स्वतःलाच प्यावं लागलं.

सर्वांत झकास म्हणजे शयनगृहातला प्रकार. राजा झोपल्यावर वार करायला मारेकरी आधीच भिंतीतल्या भुयारात दडून बसले होते. चंद्रगुप्त येण्याआधी चाणक्य खोलीत फेरी मारायला आला. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती आणि प्रत्येकीच्या तोंडात शिताचा कण. रिकाम्या भिंतीत भात कुठून आला? चाणक्याने खोलीला आग लावायला सांगितली. डबा घेऊन ड्यूटीवर गेलं की असं होतं! शेरलॉक होम्सच्या कित्येक शतकं आधीचा हा शोध आहे, आणि आपण मुलांना शाळेत शिकवतो काय, तर चाणक्याने शेंडीची गाठ सोडली.

कायद्याच्या पुस्तकातला बाँब

कलकत्त्याचा मॅजिस्ट्रेट डग्लस किंग्जफर्ड क्रांतिकारकांच्या डोळ्यांत खुपत होता. १९०८ च्या सुरुवातीला त्याच्या घरी एक जाडजूड पुस्तक पार्सलने आलं. ब्रूमचं इंग्लिश कायद्यावरचं भाष्य, बाराशेच्या आसपास पानांचं. हेमचंद्र कानूनगो यांनी आतली पानं कोरून पोकळी केली होती आणि त्यात कोकोच्या डब्यात बाँब बसवला होता. पुस्तक उघडलं की धमाका. किंग्जफर्डला वाटलं, कुणीतरी उसनं नेलेलं पुस्तक परत केलंय. त्याने ते न उघडताच ठेवून दिलं! बदली होऊन तो मुझफ्फरपूरला गेला तेव्हाही ते जिवंत पार्सल सामानात होतंच. पोलिसांना त्याचा पत्ता लागला तो धरपकडीतल्या जबान्यांतून, पुष्कळ महिन्यांनी. कायद्याची पुस्तकं कुणी वाचत नाही, याचा एका न्यायाधीशाला एवढा उपयोग व्हावा!

दुसरा प्रयत्न मात्र हसण्यासारखा नाही. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपुरात खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्डची समजून बग्गीवर बाँब टाकला. आत केनेडी मायलेकी होत्या, त्या दोघी गेल्या. प्रफुल्ल चाकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, खुदिराम फासावर गेले. त्या बाँबचा धक्का पुण्यापर्यंत पोचला. 'केसरी'तल्या त्यावरच्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले, आणि मुंबईत गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप. शिक्षेची तारीख २२ जुलै १९०८. गोगट्यांनी हॉटसनवर गोळ्या झाडल्या तीही २२ जुलैलाच, तेवीस वर्षांनी.

परदेशची गंगाजळी, घाईघाईत

इसवी सन ५९. नीरोला आई अॅग्रिपिना नकोशी झाली. त्याने तिच्यासाठी आपोआप मोडणारी नाव बनवून घेतली. छत कोसळलं, पण आई बैठकीच्या उंच कडांमुळे बचावली आणि पोहत किनाऱ्याला लागली. बिचारीची दासी मात्र 'मीच अॅग्रिपिना, मला वाचवा' असं ओरडली आणि वल्ह्यांखाली मेली. शेवटी नीरोने मारेकरी पाठवले, सरळ तलवारी देऊन. इतकी इंजिनिअरिंग उगाच केली.

१८३५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर एकाने पिस्तूल रोखलं. बार उडालाच नाही. त्याने दुसरं काढलं, तेही फुसकं. सदुसष्ट वर्षांचे अध्यक्ष काठी उगारून त्याच्याच अंगावर धावले. नंतर तपासणीत दोन्ही पिस्तुलं उत्तम चालली.

राणी व्हिक्टोरियावर १८४० ते १८८२ मध्ये आठ हल्ले झाले. एका पठ्ठ्याच्या पिस्तुलात दारूपेक्षा तंबाखूच जास्त होती. अशांवर राजद्रोहाचा भव्य खटला चालवला की त्यांची उलट मिरवणूकच होते, हे ओळखून १८४२ साली कायदा बदलला: छोटी शिक्षा आणि वर जाहीर फटके. शेवटचा हल्लेखोर 'वेडाच्या भरात केलं म्हणून निर्दोष' ठरला तेव्हा बाईसाहेब भडकल्या. गोळी झाडली आणि निर्दोष? पुढच्याच वर्षी निकालाची शब्दरचना बदलली: 'दोषी, पण वेडा'.

१९१२. थिओडोर रूझवेल्ट मिलवॉकीत भाषणाला निघाले आणि छातीत गोळी बसली. खिशात पन्नास पानी भाषणाची घडी आणि चश्म्याचं लोखंडी घर होतं, त्यांतून जाता जाता गोळीचा जोर सरला. गडी तसाच व्यासपीठावर गेला आणि तास-सव्वा तास बोलला. लांबलचक भाषणांच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

अल्बानियाचा राजा झोगवर १९३१ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेराबाहेर हल्ला झाला, तर राजाने स्वतःच पिस्तूल काढून उलट गोळ्या झाडल्या. आणि फिडेल कॅस्ट्रो! सहाशे अडतीस प्रयत्न झाले, हा क्यूबाच्या माजी गुप्तचर अधिकाऱ्याचा दावा. अमेरिकन सिनेटच्या समितीने १९७५ साली निदान आठ कट मान्य केले. विषारी सिगार, समुद्रतळाशी ठेवायचा स्फोटक शिंपला, बुरशी लावलेला पाणबुड्याचा पोशाख. पोशाखाची भेट फसली, कारण अमेरिकेच्याच वाटाघाटी करणाऱ्या वकिलाने कॅस्ट्रोला आधीच एक चांगला पोशाख देऊन टाकला होता. कॅस्ट्रो २०१६ साली गेले, नव्वदाव्या वर्षी.

सिनेमातून रस्त्यावर, रस्त्यावरून सिनेमात

पडद्यावरचा हाफ मर्डर म्हणजे हिचकॉकचा १९५४ चा 'डायल एम फॉर मर्डर'. नवरा बायकोला मारायला माणूस ठरवतो, बायको हाताला लागलेल्या कात्रीने त्या माणसालाच संपवते, आणि मग नवरा तिलाच खुनात अडकवायला बघतो. मुकुल आनंदने १९८५ मध्ये त्याचा 'ऐतबार' केला, राज बब्बर आणि डिंपल कपाडियाला घेऊन.

पण पडदा आणि वास्तव यांची खरी फुगडी अमेरिकेत झाली. १९७२ साली आर्थर ब्रेमरने जॉर्ज वॉलेस या राजकारण्यावर गोळ्या झाडल्या. त्या घटनेची छाया १९७६ च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'वर पडली. तो सिनेमा जॉन हिंक्लीने पुन्हा पुन्हा पाहिला, त्यातल्या जोडी फॉस्टरने त्याला पार वेडं केलं, आणि तिच्यावर छाप पाडायला त्याने ३० मार्च १९८१ ला अध्यक्ष रेगन यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या. एकही सरळ रेगन यांना लागली नाही. एक मात्र त्यांच्याच चिलखती गाडीवर आपटून उलटी फिरली आणि त्यांच्या छातीत घुसली.

रेगन वाचले. डोक्यात गोळी लागलेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडीही जगले, पण अपंग होऊन. २०१४ साली ब्रेडी वारले, आणि शवविच्छेदन करणाऱ्याने मृत्यूचं कारण लिहिलं: मनुष्यवध. तेहतीस वर्षांनी हाफ मर्डर फुल झाला! इंग्लंडात पूर्वी हे जमलं नसतं. हल्ल्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटून माणूस गेला तर तो खून धरायचा नाही, असा नियम तिथे १९९६ पर्यंत होता. हिंक्लीवर मात्र नवा खटला भरला गेला नाही. वेडाच्या कारणाने तो १९८२ मध्येच निर्दोष ठरला होता. व्हिक्टोरियाबाईंसारखीच अमेरिकाही तेव्हा भडकली, आणि १९८४ साली वेडाचा बचाव घेणं कायद्याने अवघड करून टाकलं.

जून २०२२ मध्ये हिंक्लीवरची सगळी बंधनं उठली. तो आता चित्रं काढतो, गिटारवर स्वतः रचलेली गाणी म्हणतो आणि यूट्यूबवर टाकतो. सुटकेच्या सुमारास ब्रुकलिनमध्ये त्याचा कार्यक्रम ठरला होता, तिकिटंही संपली होती. सभागृहवाल्यांनी तो सुरक्षेच्या कारणावरून रद्द केला.